तिसरा खांब

अडावदच्या पुढे, सातपुडा निळा दिसायला लागतो तिथे
हिलाल आप्पांचं शेततळं.
खाली काळा कागद, पाचशे मायक्रॉनचा,
हात फिरवला तर
नुकत्या धुतलेल्या म्हशीच्या पाठीसारखा.
उतरणारा उतरतो. चढणाऱ्याला धरायला काही नाही.

मला बोलावलं तेव्हा आप्पांच्या हातात वकिलाची चिठ्ठी होती.
शेजारच्या शिवारात मागच्या उन्हाळ्यात एक पोरगं गेलं,
तो शेतमालक अजून तारखांना चोपड्याला जातो,
डबा घेऊन जातो, डबा तसाच परत आणतो.

चिठ्ठीत होतं:
उंची पाच फुटांच्या खाली नको.
फाटक एकच, कुलूप पितळी.
फलकावर अक्षरं, आणि बुडणाऱ्या माणसाचं चित्र,
म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही
कळलं होतं, असं म्हणता येतं.

मी म्हटलं, आप्पा, पोरांसाठी एवढा खर्च?
ते म्हणाले, पोरांसाठी, आणि माझ्यासाठी.
मग कानावरची टोपी सारखी करत,
आधी माझ्यासाठी.

मी उखा मिस्त्री. कुंपणं घालून तीस वर्षं झाली.
रानडुकरांसाठी घातली, भावाभावांत घातली.
डुकरांना लवकर कळतं.
ठिबकच्या नळ्या चुकवत चाळीस खड्डे घेतले,
खडी, वाळू, सिमेंट, वरून दोन दिवस ओलं पोतं.
दहा गेजची जाळी ताणून बांधली
आणि पान्ह्यानं वाजवून बघितली. चांगली बोलली.

केळीच्या कापणीला आलेल्या पावऱ्यांची पालं
बांधापलीकडे होती. त्यांची चार पोरं
दिवसभर माझ्या मागे, तारेचे तुकडे वेचत.
त्यातली गेंदी,
तिनं जाळीच्या चौकोनात पायाचा अंगठा घालून बघितला.
बसला.
माझ्याकडे बघून हसली.
मला माझ्या पाच फुटांची लाज वाटली.

संध्याकाळी सगळे गेल्यावर
तिसऱ्या खांबाला आतल्या बाजूनं दोर बांधला.
हाताहातावर गाठी. टोक पाण्यात सोडलं.
बिलात लावला नाही.

वकील गाडीतून आले, बूट जपत फेरी मारली,
फलक वाचला, कुलूप ओढून बघितलं,
आणि तिसऱ्या खांबापाशी थांबले.
हे काय?
म्हटलं, कोणी पडलंच तर.
म्हणजे कोणी पडेल
हे आप्पांना माहीत होतं.

तीस वर्षं गाठी मारतोय.
अशी गाठ मला कधी जमली नाही.

आप्पा तळ्याकडे बघत राहिले. पाण्यावर
एक केळीचं पान फिरत होतं, फिरत होतं.
दोर सोडी टाक, उखा.
सोडला.
ओला होता, कोपरावर गुंडाळला,
पक्कडीबरोबर पिशवीत घातला.
घरी जाईपर्यंत पाठ भिजली.

दिवाळीनंतर उरलेल्या पैशांसाठी गेलो.
फलकावरच्या बुडत्या माणसाला
कोणी कोळशानं मिशा काढलेल्या.
कुलूप तसंच, चकचकीत,
कारण फाटकातून कोणी येतच नव्हतं.
पश्चिमेला जाळी खालून वीतभर उचललेली,
त्या जागची माती पायांनी गुळगुळीत.

आणि तिसऱ्या खांबाला लुगडं.
जुनं, विटकं, पिळून दोर केलेलं,
हाताहातावर गाठी,
माझ्यापेक्षा जवळजवळ, लहान मुठीच्या बेतानं.
पालं तर कधीच उठली होती.

आप्पा नोटा मोजत होते, अंगठा थुंकीला लावून.
तीनदा मोजल्या.
माझी नजर कुठे गेली ते त्यांना दिसलं असणार,
कारण ते मुद्दाम बागेकडे वळून उभे राहिले.

मी काही देखेल नही, म्हणाले.
पैसे हातात दिले.
बिलापेक्षा दोनशे जास्त निघाले.
तू बी देखेल नही.

मी मान हलवली.
निघताना खांबाजवळून गेलो,
लुगड्याची वरची गाठ थोडी सैल होती.
आवळली.